ईरी सरोवराचं पाणी एकच, मग आमच्या बाजूचा बीच बंद आणि अमेरिकेतला चालू कसा?

रानजाई_विंडसर

नमस्कार मंडळी. आम्ही विंडसरला राहतो, कॅनडात. नदीपलीकडे डेट्रॉइट दिसतं आणि माझी नणंद तिकडे मिशिगनमध्येच असते. मागच्या शनिवारी दोन्ही घरांनी मिळून पोहायला जायचं ठरवलेलं, पहाटे उठून दशम्या केल्या, चटणी, काकडी सगळं भरून झालं आणि निघताना बघितलं तर आमच्या बाजूच्या बीचवर सूचना, पाण्यात उतरू नका, बॅक्टेरिया जास्त आहेत. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली आमच्याकडचा चालू आहे की, इकडे या. गेलो नाही शेवटी, पण दिवसभर डोक्यातून जाईना. सरोवर तर एकच आहे ना?

मग रात्री वाचत बसले. दोन्ही देश मिळून पाचही सरोवरांच्या तब्येतीचा रिपोर्ट काढतात असं कळलं. २०२२ च्या रिपोर्टात ईरीला 'वाईट, बदल नाही' असा शेरा आहे आणि त्याच रिपोर्टात पिण्याचं पाणी 'चांगलं'. हे दोन्ही एकदम खरं कसं असेल? आणि हे लोक खरंच एकत्र जाऊन मोजतात की आपापलं मोजून नंतर एका कागदावर चिकटवतात? मुलगा सातवीत आहे, तो मला विचारतोय आणि मला सांगता येत नाहीये. कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

गाळणीवाला

ताई, मी ऑन्टॅरिओत पाण्याच्या लॅबमध्ये काम करतो, बारा वर्षं झाली, तर जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो, लांबेल जरा.

बीचचं आधी. दोन्हीकडे मोजतात तेच, ई-कोलाय, पण रेघ वेगळीकडे मारली आहे. ऑन्टॅरिओत १०० मिलीलीटरमागे सरासरी २०० च्या वर गेलं की सूचना लागते आणि मिशिगनमध्ये एका दिवसाच्या सॅम्पल्सना ३०० ची मर्यादा आहे. म्हणजे समजा दोन्हीकडे अगदी २५० आलं तर तुमच्याकडे बंद आणि नणंदबाईंकडे चालू, आणि दोन्ही लॅब बरोबरच. शिवाय एक गोष्ट लोकांना माहीत नसते, नेहमीच्या पद्धतीत हे बॅक्टेरिया वाढवून मोजावे लागतात, त्याला १८ ते २४ तास जातात, त्यामुळे सकाळी जो आकडा दिसतो तो आदल्या दिवशीच्या पाण्याचा असतो. रात्री जोरात पाऊस झाला असेल तर आकडा बघूच नका, सरळ दुसरा बेत करा.

पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर तो शेरा नळाच्या पाण्याला आहे, म्हणजे शुद्ध करून झाल्यावरच्या. सरोवरातलं कच्चं पाणी शेवाळाने कितीही हिरवं असलं तरी शुद्धीकरणवाले कार्बन घालून, गाळून ते ठीक करतात. त्यात खर्च होतो, माणसं रात्र रात्र जागतात, पण तो भाग त्या शेऱ्यात दिसत नाही.

आता एकत्र मोजतात का. हो, बऱ्याच बाबतीत खरंच एकत्र. मुळाशी १९०९ चा सीमाजल करार आहे, त्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की एका बाजूने पाणी असं घाण करायचं नाही की पलीकडच्यांच्या आरोग्याला किंवा मालमत्तेला इजा होईल. त्या करारातून संयुक्त आयोग झाला, आयजेसी, तीन माणसं अमेरिकेची तीन कॅनडाची. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी सरोवरांच्या पाण्यासाठी वेगळा करार केला, तो १९७८, १९८७ आणि २०१२ मध्ये सुधारला. त्याखाली दरवर्षी एक सरोवर धरतात आणि त्या वर्षी दोन्ही देशांची बोटं, लॅब, विद्यापीठं त्याच्यावर तुटून पडतात, दर पाच वर्षांनी पाळी येते. ईरीची पाळी २०१९ ला होती, नंतर २०२४ ला. अमेरिकेचं 'लेक गार्डियन' आणि कॅनडाचं 'लिम्नोस' ही त्यातली नावाजलेली जहाजं.

पण खरी मेहनत जहाजावर नाही, बाटलीत आहे. आमच्याकडे फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खाद्य, मोजायच्या बाटल्या साध्या साबणाने धुवायच्या नाहीत, कारण डिटर्जंटमध्येच फॉस्फेट असू शकतं, मग आपण सरोवर मोजतोय की साबण? सौम्य आम्लात भिजवून, शुद्ध पाण्याने चार वेळा खंगाळून घ्यायच्या. विरघळलेला फॉस्फरस मोजायचा असेल तर पाणी वर काढल्या काढल्या जागीच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं आणि बर्फात ठेवायचं, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत बाटलीतलं शेवाळच तो खाऊन टाकतं आणि आकडा कमी येतो. आता हीच गाळणी एका देशाने बोटीवर लावली आणि दुसऱ्याने संध्याकाळी लॅबमध्ये लावली तर आयुष्यभर भांडत बसावं लागेल. म्हणून मधूनमधून आम्हाला अशा बाटल्या येतात ज्यात किती आहे ते आम्हाला सांगत नाहीत, तीच बाटली दुसऱ्या लॅबलाही जाते, आणि दोघांचा आकडा जुळतो का ते तिसराच बघतो. माझा एकदा चुकला होता. आठवडाभर शोधलं, शेवटी प्रमाणद्रावणाची, म्हणजे ज्याच्याशी ताडून आकडा काढतो त्या द्रावणाची, बाटली मुदत संपलेली निघाली. तेव्हापासून तारीख दोनदा वाचतो.

मावमीकाठ

मी ओहायोतल्या टोलेडोची, अमेरिकेतल्या बाजूची. वरच्या दादांनी 'माणसं रात्र रात्र जागतात' लिहिलंय त्यावरून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

२ ऑगस्ट २०१४, शनिवार. पहाटे पहाटे मैत्रिणीचा फोन, नळाचं पाणी पिऊ नको. मी अर्धवट झोपेत म्हटलं उकळून घेते, तर ती ओरडलीच, उकळू नको! कारण ते शेवाळाचं विष, मायक्रोसिस्टिन, उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि विष दाट होतं. आपल्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं ना, पावसाळ्यात पाणी उकळून प्या, आणि इथे तेच करायचं नाही. माझी धाकटी चार महिन्यांची होती, वरचं दूध. सकाळी सातला तीन दुकानं फिरले, पाण्याचे रॅक रिकामे, शेवटी मिशिगनमध्ये आत तासभर गेल्यावर मिळालं. जवळपास चार-पाच लाख लोकांचं पाणी होतं ते, सोमवारी सकाळी परत प्यायला परवानगी मिळाली, तरी कितीतरी दिवस माझा हात नळाकडे जाईना.

मावमी नदी आमच्या गावातून सरोवरात जाते आणि शेतातलं खत घेऊन जाते. ईरीचा पश्चिमेकडचा भाग सरासरी साडेसात मीटरसुद्धा खोल नाही, उन्हात पटकन तापतो, शेवाळाला आणखी काय पाहिजे.

एक चांगली गोष्ट पण सांगते. जूनच्या शेवटी इथे मेफ्लाय येतात, लांब शेपटीचे नाजूक किडे, एवढे की रडारवर ढगासारखे दिसतात. जाळीच्या दाराला खालपासून वरपर्यंत चिकटतात, पायाखाली कुरकुरतात, आणि दोन दिवसांनी सुकटीसारखा वास. मी पहिल्या वर्षी वैतागले होते. मग शेजारच्या आजोबांनी सांगितलं, १९५३ नंतर हे जवळजवळ नाहीसेच झाले होते, तळाच्या चिखलाला ऑक्सिजनच उरला नव्हता, त्यांची पिल्लं चिखलातच वाढतात ना. नव्वदच्या दशकात परत आले तेव्हा ते म्हणे झाडू हातात घेऊन रडले. आता शास्त्रज्ञ चिखलातली त्यांची पिल्लं मोजतात आणि त्यावरून तळाची तब्येत ठरवतात. तेव्हापासून मी झाडते पण कुरकुर करत नाही.

भीमाकाठ

माहितीपूर्ण प्रतिसाद दोन्ही. पण मी जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी मूळचा इंदापूरकडचा, उजनीचं हिरवं पाणी बघत वाढलोय, वरून शहराचं सांडपाणी येतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, त्याला रिपोर्ट लागत नाही. इथे दोन श्रीमंत देश, पन्नास वर्षं मोजतायत, २०१५ मध्ये ओहायो, मिशिगन आणि ऑन्टॅरिओने सही करून सांगितलं की २०२५ पर्यंत पश्चिम भागात जाणारा फॉस्फरस ४० टक्क्यांनी कमी करू. झाला का? नाही झाला. मग दर तीन वर्षांनी 'वाईट, बदल नाही' छापायला एवढी जहाजं कशाला फिरवायची, तोच पैसा शेतकऱ्याला दिला तर?

गाळणीवाला

भीमाकाठ, राग कसला, हा प्रश्न मला स्वतःलाच दर हिवाळ्यात पडतो. शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याला तिकडे कारखान्यासारखं परमिट लागत नाही, बरंचसं ऐच्छिक, आणि आयोगाकडे दंडुका नाही, तो फक्त सांगू शकतो. हे तुमचं शंभर टक्के बरोबर.

पण एक बघा. सत्तरच्या दशकात पण ईरी असंच हिरवं होतं. तेव्हा साबण कंपन्या म्हणत होत्या दोष फॉस्फरसचा नाही. मग १९७३ मध्ये ऑन्टॅरिओच्या वायव्य भागात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने आणि मंडळींनी २२६ नंबरच्या तळ्याला मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला, दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस फक्त एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. विमानातून काढलेला तो फोटो एवढा बोलका होता की वाद घालायला जागाच राहिली नाही. डिटर्जंटमधलं फॉस्फेट कमी झालं, सांडपाण्याचे प्लांट सुधारले, ईरीसाठी वर्षाला ११ हजार टनांची मर्यादा ठरलेली ती ऐंशीच्या दशकात गाठलीसुद्धा. मेफ्लाय परत आले ते त्यानंतर. म्हणजे मोजून फरक पडला होता.

मग परत का बिघडलं? एकूण फॉस्फरस बघितला तर फार वाढलेला दिसत नव्हता, म्हणून सगळे चक्रावले. ओहायोतल्या टिफिन नावाच्या गावातली हायडलबर्ग युनिव्हर्सिटी, छोटी आहे, ती सत्तरच्या दशकापासून मावमीचं पाणी नेमाने मोजत आली आहे, पूर असो बर्फ असो. त्यांच्या वह्यांमधून दिसलं की नव्वदच्या मध्यापासून विरघळलेला फॉस्फरस वाढत चाललाय, जो शेवाळ लगेच खातं. न नांगरता पेरणी करायला लागले, ती मातीसाठी चांगलीच, पण खत वरच्या थरात राहतं, आणि आपल्याकडे क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप पुरतात ना तसे पाइप तिकडे शेतोशेती आहेत, त्यातून थेट ओढ्यात. शिवाय १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपले सापडले, जहाजं तोल राखायला जे बॅलास्ट पाणी भरतात त्यातून आलेले, त्यांनी पण गणित बिघडवलं. आता सांगा, नुसता पैसा दिला असता तर कशाला दिला असता? माती धरून ठेवायला. ती तर शेतकरी धरतच होता. आता मावमीसाठी वसंतातल्या विरघळलेल्या फॉस्फरसचा वेगळा आकडा ठरलाय, १८६ टन, आणि तो गाठला जात नाही हे दोन्ही देशांना एकाच वहीत दिसतं, कुणाला कुणाकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

भीमाकाठ

न नांगरण्याचं माहीत नव्हतं. पटलं. उजनीच्या वर अशी रोजची वही कुणी ठेवली असती तर, असं वाटून गेलं.

रानजाई_विंडसर

सगळ्यांचे मनापासून आभार, मावमीकाठ ताई तुमचं वाचून अंगावर काटा आला. मुलाला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो मला पण काहीतरी मोजायचंय. घरी जमेल असं काही आहे का?

गाळणीवाला

आहे की, पाणी किती नितळ आहे ते मोजा. २० सेंटीमीटरचं ताट किंवा झाकण घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, खाली वजन बांधा, दोरीला दर दहा सेंटीमीटरवर खूण. धक्क्यावरून सावलीच्या बाजूने सोडायचं, दिसेनासं झालं ती खोली आणि परत वर ओढताना दिसलं ती खोली, दोन्हींची सरासरी. गॉगल घालायचा नाही. पाणी डब्यातल्या हिरव्या रंगासारखं दाट दिसत असेल तर मात्र हात पण घालू नका, आणि कुत्रा असेल तर त्याला लांब ठेवा.

रानजाई_विंडसर

केलं! रविवारी नणंद आणि भाचा इकडे आले होते. आमच्या मुलाचं आलं १ मीटर १० सेंटीमीटर आणि त्याच ताटाचं, त्याच जागी, भाच्याचं १ मीटर ३०. दोघं हमरीतुमरीवर आले. कुणाचं धरायचं?

गाळणीवाला

दोन्ही लिहा, कुणी बघितलं त्याच्या नावासकट आणि वेळेसकट. पुढच्या रविवारी परत दोघांना बघू द्या.