एटीव्हीचा फोमचा एअर फिल्टर नियमित धुऊनही कार्बुरेटरच्या नळीत तांबडी धूळ का सापडते?

बागायतदार_दापोली यांचा प्रश्न

नमस्कार. दापोली तालुक्यात समुद्रापासून थोड्या अंतरावर आमची नारळ-सुपारीची बाग असून तिच्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. पाहुण्यांना बागेतून वरच्या सड्यापर्यंत, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारापर्यंत, फिरवून आणण्यासाठी आम्ही दोन एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणाऱ्या जाड टायरच्या चारचाकी गाड्या, ठेवल्या आहेत. दोन्ही गाड्या २५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या आणि कार्बुरेटर असलेल्या आहेत. वाट संपूर्ण जांभ्याची आहे, आणि दिवाळीनंतर ती इतकी कोरडी पडते की चाकाखालून पिठासारखी तांबडी धूळ उडते.

आमच्याकडे गाड्यांची देखभाल करणारे काका दर पंधरा दिवसांनी एअर फिल्टरचा फोम काढतात, पेट्रोलमध्ये धुऊन पिळतात, उन्हात वाळवतात आणि इंजिन ऑईल चोळून परत बसवतात. गेल्या आठवड्यात मी प्रथमच स्वतः सीट काढून फिल्टरचा डबा उघडला, तेव्हा फोमचा खालचा भाग तेलाने निथळत होता आणि वरचा भाग जवळजवळ कोरडा होता. फोमच्या मागे, कार्बुरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवले तर बोटाला तांबडी धूळ लागली. फिल्टर वेळेवर धुतला जात असूनही धूळ आत कशी गेली, हे मला समजलेले नाही.

आणखी दोन शंका आहेत. दोन्ही गाड्या नेहमी बरोबरच निघतात, तरी एकीचा फिल्टर दुसरीच्या दुप्पट घाण होतो, याचे कारण काय असावे? तसेच फोमसाठी मिळणारे खास तेल बाहेरून मागवावे लागते आणि ते महागही पडते. काकांचे म्हणणे असे, की घरचे खोबरेल तेल लावले तरी चालेल. हे योग्य आहे का?

पाना_पकड यांचे उत्तर

आपण नळीत बोट फिरवून पाहिले, हे फार चांगले केले. बहुतेक लोक फोम काढतात, धुतात, बसवतात आणि त्याच्या पलीकडे काय चालले आहे ते कधीच पाहत नाहीत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तीच न समजल्यामुळे पुढच्या चुका होतात. या फोमची छिद्रे जांभ्याच्या बारीक धुळीच्या मानाने खूपच मोठी असतात, त्यामुळे कोरडा फोम पालापाचोळा, किडे आणि जाड वाळू अडवील, पण पिठासारखी धूळ अडवणार नाही. ती धूळ अडवण्याचे काम फोमच्या धाग्यांवर बसलेला तेलाचा चिकट थर करतो. हवा वाकडीतिकडी वळणे घेत आत जाते, जड कण वळू न शकल्यामुळे धाग्यावर आपटतात आणि तेलाला चिकटून राहतात. फोम हा केवळ त्या तेलाला धरून ठेवणारा सांगाडा आहे. म्हणून आपल्या फिल्टरचा वरचा कोरडा भाग म्हणजे उघडी खिडकीच होती, आणि हवा नेहमी कमी अडथळ्याच्या वाटेने जात असल्यामुळे ती तेलाने भरलेला खालचा भाग टाळून त्याच खिडकीतून आत शिरत होती.

इंजिन किती हवा ओढते याचा अंदाज घ्या. २५० सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर आणि पूर्ण थ्रॉटलवर चालत असेल, तर ते मिनिटाला साधारण ५०० लिटर, म्हणजे तासाला ३० घनमीटर हवा ओढते. दहा बाय दहाच्या आणि दहा फूट उंच खोलीत जेवढी हवा मावते, तिच्यापेक्षा ही किंचित जास्तच आहे. प्रत्यक्षात थ्रॉटल अर्धवट उघडा असल्याने आकडा कमी राहतो, पण त्या खोलीभर धुरळ्यातील चिमूटभर धूळही सिलिंडरच्या भिंतीवरील तेलात मिसळली, तर व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टसारखी वागते. आधी पिस्टनच्या रिंगा झिजतात, मग कॉम्प्रेशन कमी होते, इंजिन ऑईल पिऊ लागते आणि शेवटी निळसर धूर दिसतो. धूर दिसेपर्यंत बोअर करून, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करून, घेण्याची वेळ आलेली असते.

आता काकांच्या पद्धतीत काय बदलावे ते सांगतो. पेट्रोल पूर्णपणे बंद करावे. त्याची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, त्यामुळे बंद पडवीत पेट्रोलचे घमेले घेऊन बसणे धोक्याचे आहे. शिवाय फोमचे दोन थर किंवा दोन कडा ज्या गोंदाने जोडलेल्या असतात, तो गोंद पेट्रोलमुळे सैल पडतो. पूर्वी आपण यासाठी रॉकेल वापरत असू. आता रॉकेल सहज मिळत नाही, पण रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन तेच काम करते. तेही ज्वलनशील आहे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातील दुपारी त्याची वाफ पेट घेण्याइतकी होऊ शकते, म्हणून उघड्यावर, चूल आणि विडी-काडीपासून लांब बसावे आणि हातमोजे घालावेत.

फोम काढण्यापूर्वी डब्याच्या आतील सुटी धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, आणि फोम बाहेर येताच नळीच्या तोंडात स्वच्छ कापड बसवावे. नाहीतर साफसफाई करतानाच इंजिनात मूठभर माती जाते. फोम आतील जाळीवरून उतरवून टर्पेंटाइनमध्ये बुडवावा आणि दोन्ही तळव्यांत दाबून काढावा. कपड्यासारखा पिळू नये, कारण पीळ दिल्याने धागे तुटतात आणि जोड उसवतो. पहिले टर्पेंटाइन गढूळ झाले की दुसऱ्या स्वच्छ टर्पेंटाइनमध्ये पुन्हा एकदा दाबावा. मग कोमट पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण मिसळून धुवावा आणि फेस जाईपर्यंत साध्या पाण्यात खंगाळावा. साबणाचा हा दुसरा टप्पा बरेच जण गाळतात, परंतु जुन्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा अंश राहिला तर नवे तेल नीट धरत नाही.

वाळवणे सावलीतच करावे. कडक उन्हात हा फोम लवकर ठिसूळ होतो, आणि हवेच्या पंपाचा जोरदार झोत मारल्यास तो फाटू शकतो. कोकणच्या दमट हवेत रात्रभर टांगून ठेवणे हा कमीत कमी वेळ समजावा. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. आत ओल राहिली तर त्या जागी तेल चिकटत नाही आणि तेवढा भाग पुन्हा उघडी खिडकी बनतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक गाडीसाठी दुसरा फोम घेऊन ठेवावा. त्याची किंमत बोअर करून घेण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

फोमच्या खास तेलात चिकटपणा वाढवणारे द्रव्य असते आणि बहुतेकांत उडून जाणारा पातळ द्रवही असतो. पातळपणामुळे ते फोमभर पसरते, आणि द्रव उडाल्यावर मागे राहिलेला थर खाली ओघळत नाही. इंजिन ऑईलमध्ये हा चिकटपणा नसतो, म्हणून गाडी आठवडाभर उभी राहिली की गुरुत्वाकर्षणाने ते खाली उतरते. आपल्याला जे दिसले ते नेमके हेच. तेल ओतून फोम जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि कणीक मळावी तसा बाहेरून दाबत राहावा. या तेलांना निळा, लाल किंवा हिरवा रंग दिलेला असतो. रंग सगळीकडे सारखा दिसला म्हणजे तेल सगळीकडे पोचले. त्यानंतर जास्तीचे तेल दाबून काढावे. फोम ओला असावा, पण त्यातून थेंब पडू नये. जास्त तेल राहिले तर हवा अडते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, स्पार्क प्लग काळा पडतो, आणि मग तक्रार येते की फिल्टर साफ केल्यापासून गाडी ओढत नाही. तेलाच्या डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ दिल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

शेवटी फोमची जी कड डब्यावर टेकते, तिला जलरोधक ग्रीसची बारीक रेघ लावून फिल्टर बसवावा आणि बोटाने चारही बाजू चाचपून पाहाव्यात. उत्तम तेल लावलेला फिल्टरही कडेला एका केसाएवढी फट राहिली, तर निरुपयोगी ठरतो.

खोबरेल तेलाबद्दल: ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. डिसेंबरमधल्या सकाळी बाटलीत काय होते ते काकांनी रोज पाहिले असेल. फोमच्या छिद्रांतही तेच होईल. उन्हाळ्यात उलट ते पाण्यासारखे निथळेल, आणि दिवस जातील तसे खवट होऊन चिकट थर धरेल. ते डोक्यालाच राहू द्यावे.

घाटमाथा यांचे उत्तर

वरील उत्तर बहुतांशी मान्य आहे, पण खास तेलाशिवाय गत्यंतरच नाही असा समज होऊ नये. होंडाच्या कित्येक जुन्या मोटरसायकलींच्या पुस्तिकांत फोमच्या फिल्टरला ८०-९० दर्जाचे गिअर ऑईल लावण्याची सूचना आहे. ते इंजिन ऑईलपेक्षा घट्ट असल्याने फोमला अधिक काळ धरून राहते आणि तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळते. वास उग्र असतो, एवढे सोडल्यास मी शेतावरच्या इंजिनांवर ते अनेक वर्षे वापरले आहे. मात्र गाडी न चालवताही दर आठ दिवसांनी डबा उघडून तेल खाली उतरले आहे का ते पाहावे लागते.

दुसरी सूचना अशी, की फोम खराब झाला म्हणून गादीवाल्याकडून स्पंज कापून आणू नये. आमच्याकडे एका मित्राने तसे केले होते. गादीच्या स्पंजमध्ये अनेक छिद्रांवर पातळ पडदा असतो, त्यामुळे हवा नीट जात नाही. आणि त्याच्या गाडीत कार्बुरेटरमधून उलट उडणाऱ्या पेट्रोलने तो स्पंज इतका मऊ पडला, की एके दिवशी त्याचे तुकडे नळीत सापडले. जुना फोम दोन बोटांत चिमटून पाहावा. तो लगेच मूळ आकारात आला नाही किंवा बोटांना त्याचा भुगा लागला, तर तो फेकण्याच्याच लायकीचा आहे.

आणि कागदी फिल्टर असलेल्या गाडीच्या मालकाने ही चर्चा वाचून कागदाला तेल लावू नये. कागद तेलाने बंद होतो.

वाळवंटातला_पुणेकर यांचे उत्तर

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो आणि हिवाळ्यात मित्रांबरोबर इम्पीरियल सँड ड्यून्स येथे एटीव्ही चालवायला जातो. आपल्या दोन गाड्यांच्या कोड्याचे उत्तर मला बहुधा माहीत आहे, कारण तेथे आम्ही सगळेच ते भोगतो. आपली जी गाडी लवकर घाण होते ती नेहमी मागे असते का? वाटाड्या पुढे आणि पाहुणे मागे अशी रीत असेल, तर मागची गाडी सर्व वेळ पुढच्या गाडीचा धुरळा गिळत असते. धुरळा खाली बसेल इतके अंतर ठेवणे, किंवा वारा आडवा असेल तेव्हा पुढच्या गाडीच्या वाऱ्याकडील बाजूने चालणे, हा सर्वांत स्वस्त फिल्टर आहे.

आम्ही फोमवर मोज्यासारखे बारीक जाळीचे कापडी आवरण चढवतो. जाड वाळू त्याच्यावरच थांबते आणि ते संध्याकाळी झटकून पुन्हा चढवता येते. सहलीला निघण्यापूर्वी तेल लावलेले दोन-तीन फोम हवाबंद पिशव्यांत भरून नेतो, म्हणजे मुक्कामी धुण्याची वेळच येत नाही. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत २० ते ४० तासांनी फिल्टर साफ करावा असे लिहिलेले असते, पण धुळीच्या जागी तो आधीच काढावा, अशी सूचनाही त्याच पानावर असते. आपल्या वाटेवर मी ‘दर पंधरा दिवसांनी’ असे न मोजता तासांनी मोजले असते, कारण नाताळच्या सुट्टीतील पंधरा दिवस आणि फेब्रुवारीतील पंधरा दिवस सारखे नसतात.

गाड्या पट्ट्यावर चालणाऱ्या, म्हणजे इंजिनाची शक्ती रबरी पट्ट्याने पुढे नेणाऱ्या, असतील, तर पट्ट्याच्या घराला थंड हवा नेणारी वेगळी नळी असते, आणि काही गाड्यांत तिलाही छोटा फोम असतो. त्याला तेल लावण्यापूर्वी पुस्तिका अवश्य पाहावी. पट्ट्यावर तेल गेले तर तो घसरतो.

बागायतदार_दापोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही फिल्टर पुन्हा उघडून पाहिले. मागची गाडी कोणती हे आम्ही कधी लक्षातच घेतले नव्हते, पण खरोखरच जी लवकर घाण होते तीच कायम मागे असते. तिच्या फोमचा जोड दोन बोटे रुंद उसवलेला आहे; तेलामुळे कडा एकमेकींना चिकटून राहत असल्याने तो नुसत्या नजरेला दिसत नव्हता, ताणल्यावर उघडला. काकांना दाखवले, तेव्हा त्यांनी पेट्रोलचा डबा स्वतःच उचलून बाजूला ठेवला. चार नवे फोम आणि तेलाची एक बाटली मागवली आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. घाण झालेल्या टर्पेंटाइनचे काय करावे? आमची विहीर जवळच आहे. आणि नवा फिल्टर बसवल्यावर धूळ खरोखर थांबली आहे, याची खात्री कशी करावी?

पाना_पकड यांचे उत्तर

टर्पेंटाइन झाकणाच्या बरणीत दोन दिवस स्थिर ठेवावे. माती तळाशी बसते. वरचे स्वच्छ द्रव अलगद ओतून पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरावे. तळाचा गाळ बागेत किंवा ओढ्यात अजिबात टाकू नये. गॅरेजमध्ये जळके ऑईल नेणारे लोक येतात, त्यांना विचारून तो वेगळ्या डब्यात द्यावा.

खात्रीसाठी नळी आतून पुसून घ्या आणि फिल्टरच्या लगेच मागे तिच्या आतल्या भिंतीवर पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पाच-सहा तास गाडी चालल्यावर डबा उघडा. धूळ गळत असेल तर ग्रीसवर तिचा डाग दिसेल, आणि डाग कोठे आहे त्यावरून फट कोठे आहे हेही कळेल.

बागायतदार_दापोली

आठ दिवसांनी कळवत आहे. पुढच्या गाडीचे ग्रीस जसेच्या तसे पांढरे आहे. मागच्या गाडीत मात्र खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, बोटभर लांबीची तांबडी रेघ उमटली आहे. नवा फोम, नवे तेल आणि कडेला ग्रीस असूनही तसे झाले, म्हणून आतील प्लास्टिकची जाळी सपाट काचेवर ठेवून पाहिली. तिची खालची कड वाकलेली आहे आणि तेथून पोस्टकार्ड आत सरकते. जाळी बदलेपर्यंत ती गाडी उभी ठेवली आहे.