व्हाइट वाइन माहेरचीच हवी?

घोडबंदरी
काल इथल्याच एका ठाणेकर सदस्याने व्हाइट वाइन टेस्टिंगचा वृत्तान्त टाकला. सूर असा, की शेनिन प्यावी तर फ्रान्सच्या ल्वारची, रीसलिंग प्यावी तर जर्मनीच्या मोझेलची (दोन्ही द्राक्षाच्या जाती), बाकी सगळी उसनवारी आणि नाशिकची तर नकोच. चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

१९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच लेबलं झाकून वाइन चाखली. व्हाइटमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाच्या शातो माँतेलेनाची १९७३ची शार्दने. फ्रान्सच्या बर्गंडीची मर्सो दुसरी. विओन्ये ही द्राक्षाची जात तर माहेरीच मरायला टेकली होती. १९६०च्या दशकात फ्रान्सच्या काँद्रियूत तिची लागवड मोजक्या हेक्टरांवर आली होती. आता तिचं कॅलिफोर्निया-ऑस्ट्रेलियातही बस्तान बसलंय.

आणि माहेर म्हणजे तरी काय? एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या किडीने युरोपच्या बागा खाऊन टाकल्या. तेव्हापासून तिथल्या बहुतेक वेली अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या आहेत. मुळं अमेरिकेची, ऐट फ्रान्सची.

येऊर_पायथा
तो वृत्तान्त माझा. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

पॅरिसची ती गोष्ट किती वर्षं पुरवून खाणार? कॅलिफोर्नियाला समुद्राचं थंड धुकं मिळतं, नाशिकला काय मिळतं? मी चाखलेली नाशिकची सोव्हिन्यों (तेही व्हाइटचंच द्राक्ष) सांगतो. पहिल्या घोटाला ढोबळी मिरची, दुसऱ्याला कैरी, तिसऱ्याला काहीच नाही. आंबटपणा वरून घातलेला, जिभेवर वेगळा तरंगतो. ल्वारची चांगली शेनिन दहा वर्षं ठेवा, मधाकडे झुकते आणि आंबटपणा तरी शाबूत. इथली पुढच्या दिवाळीपर्यंत टिकवून दाखवा.

नेरूळकर
आम्ल घालतात हे खरं. उष्ण मुलखात द्राक्ष पिकता पिकता आम्ल उतरतं, मग टार्टारिक आम्ल घालतात. पण बर्गंडीत थंड वर्षी रसात साखर घालतात त्याचं काय? नेपोलियनचा मंत्री शाप्ताल, त्याच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. आपण आम्ल घातलं की भेसळ, त्यांनी साखर घातली की परंपरा!

येऊर_पायथा
साखर मान्य. चव अमान्य.

निफाडचा_भाचा
'नाशिकला काय मिळतं' हे वाचलं आणि घणसोलीत बसून डोकं फिरलं. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी हिवाळ्यात येते, ती वाचत नाही का? आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही. एप्रिलला काड्यांसाठी खरड छाटणी, पाऊस सरला की फळासाठी गोडी छाटणी, तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे फळ भरतं ते थंड रात्रींत, ६०० मीटर उंचीवर. युरोपचं कॅलेंडर भिंतीवर लावून नाशिकची बाग कळायची नाही.

आणि आता निघालंच आहे तर ऐका. मामाने खायच्या द्राक्षाची थॉमसन काढून शेनिन लावली. करार होता. २००८नंतर मंदी आली आणि वायनरीने माल उचलायला नकार दिला. बारीक मण्यांचं, बियांचं ते द्राक्ष मार्केटला कोण घेणार? घड वेलीवर मनुके झाले, मग जेसीबी लावून बाग काढली. मांडवाच्या तारा अजून गोठ्यामागे गुंडाळून पडल्यात. तुम्ही मोजा तिसरा घोट.

पामबीच_प्रवासी
मामांचं वाचून वाईट वाटलं, पण धागा चवीचा आहे. येऊरवाल्यांशी सहमत. हापूसचंच बघा. तेच कलम कर्नाटकात लावलं तर देवगडची चव येते का? माती ती माती.

वाशी_सेक्टर_नऊ
हापूस काढलात, आता भोगा. वाशीच्या एपीएमसी बाजारात नोव्हेंबर-डिसेंबरला आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस येतो. कलमं आपल्याच कोकणातून गेलेली. गेल्या वेळी आमच्या साहेबांनी तो घरच्यांना 'आगाप देवगड' सांगून खिलवला. सगळ्यांनी साली चोखल्या.

रत्नागिरी_हल्ली_कोपरखैरणे
डिसेंबरात आगाप देवगड! त्या घरच्यांना साष्टांग नमस्कार. आणि सगळीकडे देवगड देवगड काय? रत्नागिरी मेली का?

वाशी_सेक्टर_नऊ
हापूसच्या २०१८च्या जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि ठाणेसुद्धा आहे. म्हणजे येऊरच्या पायथ्याचा आंबाही कायद्याने हापूस. धागाकर्त्यांनी लावावा.

रत्नागिरी_हल्ली_कोपरखैरणे
कायद्याने काय वाट्टेल ते होईल. कातळावरचा आंबा खाल्लायत कधी? की फक्त पेटी वाचता? आमच्या आजोबांची कलमं आहेत, अढीतला वास खोलीबाहेरूनच सांगतो. तुम्ही कार्बाइड चोखलेत आणि इथे अक्कल पाजळताय.

वाशी_सेक्टर_नऊ
भाषा सांभाळा. तुमच्या आजोबांची कलमं ज्या जातीची, ती पोर्तुगीजांच्या हाताखाली गोव्यात तयार झाली. मग रत्नागिरीही परमुलूखच की.

घोडबंदरी
मंडळी, वाइन! (पण शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं आहे, ते राहू दे.)

बेलापूर_किल्ला
ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं अल्बारिन्यो म्हणून एक व्हाइट विकली गेली. २००९ला डीएनए तपासला तर वेल सावान्यें निघाली. स्पेनचं द्राक्ष समजून लोक फ्रान्सच्या ज्युरातलं द्राक्ष पीत होते.

येऊर_पायथा
बघा! परमुलखात आपण काय लावलंय हेही कळत नाही.

बेलापूर_किल्ला
काड्या स्पेनमधूनच आल्या होत्या. चूक माहेरची. आणि पिणाऱ्या रसिकांपैकी किती जणांना फरक कळला?

नेरूळकर
त्याच ऑस्ट्रेलियातली क्लेअर व्हॅलीची रीसलिंग प्या. लिंबू, आणि जुनी झाली की रॉकेलचा वास. ऊन जास्त मिळालेल्या रीसलिंगमध्ये तो लवकर येतो. मोझेलची नक्कल म्हणून प्यालात तर निराश व्हाल. ती कोरडीठाक आहे, सुरमईच्या तुकडीवर लिंबू पिळायची गरज नाही.

येऊर_पायथा
रॉकेल प्यायला पैसे द्यायचे ही नवी माहिती, आभारी आहे. न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों मला आवडते, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी उकरून काढेल. तिथे मोठ्या व्यापारी बागा सुरू झाल्या १९७३ला, म्हणजे माहेर नाहीच. ठीक आहे. नाशिकचीही पुन्हा चाखतो. मात्र बाटली फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या दुकानातून आणा. मे महिन्यात ठाण्याच्या दुकानात काचेमागे उन्हात शिजलेली नको. आणि शेनिन आणा, सोव्हिन्यों नको.

निफाडचा_भाचा
शेनिन मी आणतो. मामाची नाही, ती गेली.

घोडबंदरी
शनिवारी आमच्या गच्चीवर. बाटल्या पेपरात गुंडाळून. कोळंबी येऊरवाल्यांची.

रत्नागिरी_हल्ली_कोपरखैरणे
ते सगळं ठीक. कर्नाटकचा आंबा एपीएमसीत देवगडच्या पेटीत कोण भरतं, हे सेक्टर नऊने आता सांगावं.