घोळक्यात माणूस ढिम्मही बसतो
घोळक्यात माणूस चेकाळतो असं म्हणतात, ते खरंच, पण उलटंही होतं. १९६८ सालचा लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग बघा, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोरांना फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर सोडला. एकटे होते त्यातले ७५ टक्के उठून सांगायला गेले, पण शेजारी मुद्दाम गप्प बसवलेली दोन माणसं असली की फक्त १० टक्के, बाकीचे खोकतायत, डोळे चोळतायत, हाताने धूर हाकलतायत आणि फॉर्म भरतायत! भित्रे नव्हते हो, दुसऱ्यांचे चेहरे बघून काही विशेष नसेल असं ठरवून मोकळे. आमच्या सोसायटीत टाकी ओव्हरफ्लो झाली की अख्खी बिल्डिंग आवाज ऐकत बसते, वॉचमनला कुणीतरी सांगितलंच असेल म्हणून (तो अर्थातच झोपलेला).