सल्ला हवा: बेळगावहून दोन दिवसांत फेरीबोटीचा प्रवास, सोबत सासूबाई

वडगावकर: शनिवार-रविवार, स्वतःची गाडी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून होडीत चढउतार नको. गाडीसकट बोटीत जाता येईल असा रस्ता सांगा.

खाडीवाट: जाताना हिंडलगा, शिनोळी, चंदगड, आंबोली, सावंतवाडी, शिरोडा, रेडी, तेरेखोल. तिथून फेरीने नदी ओलांडली की केरी. साडेतीन-चार तास धरा.

खरी अडचण ओहोटीची. नदीच्या तोंडाशी वाळू साचते, पाणी उतरलं की बोट तळाला लागते आणि फेरी थांबते. म्हणून निघायच्या आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: चतुर्थीला ३, अष्टमीला ६. हा हिशोब मुंबईकडचा, तेरेखोलला तासभर आधी धरा. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी संध्याकाळी पाचच्या सुमारास तळ गाठतं. त्या दिवशी दुपारी दोनच्या आत धक्क्यावर पोचा. अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी, पाणी फार उतरत नाही. हा अंदाज झाला, पक्क्या वेळेला भरतीचं कोष्टक बघाच.

फेरी बंद असली तर परत फिरू नका. आरोंदा-किरणपाणी पूल आहे.

शहापूर_स्टिअरिंग: ओहोटीला धक्क्याच्या उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, चाक तिथंच घसरतं. पहिला गिअर, ब्रेक दाबायचा नाही. गाडी खाली बसकी असेल तर बंपर घासतो. सासूबाईंना बोटीत चढल्यावर नाही, आधीच वर सपाटीला उतरवा आणि हात धरून कोरड्या कडेनं न्या. बोटीत हँडब्रेक आणि गिअर दोन्ही.

वडगावकर: आणि परतीला? पणजी-चोर्ला सरळ मारू का?

खाडीवाट: सरळ कशाला ओ! जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेट, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे. पायी माणसांना तिकीट नाही, गाडीचं लागतं, सुट्टे पैसे ठेवा. नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. मूळ देव दिवाडीवरचा, देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. ज्या पाण्यावरून देव पलीकडे गेला तेच तुम्ही ओलांडता, म्हणून हा रस्ता चुकवू नका. पुढे डिचोली, साखळी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी.

शहापूर_स्टिअरिंग: नकाशात नुसतं 'केरी' टाकू नका. चोर्ल्याच्या पायथ्याशी सत्तरीतलं केरी वेगळं, फेरीचं केरी पेडण्यातलं. जाताना 'तेरेखोल किल्ला' टाका.