गायरानात गाजर गवत माजलंय, मृगाआधी सल्ला हवाय

नमस्कार मंडळी. आमचं गाव माण तालुक्यात. गावाला नऊ एकर गायरान आहे आणि वीसेक घरांची गुरं, शेरडं-मेंढरं त्याच्यावरच जगतात. मी लहान असताना तिथं पवना आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं गुडघ्याला लागायची. आता निम्म्या रानात गाजर गवताचं (काँग्रेस गवताचं) तण आहे. दुष्काळात चराई जास्त झाली, जमीन उघडी पडली आणि यानं पाय पसरले.

मागच्या श्रावणात आम्ही सगळ्यांनी मिळून उपटलं, पण वेळ चुकली. पांढरी फुलं आधीच आली होती आणि आम्ही ढीग बांधालाच टाकले. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं. पुढच्या सरी पडल्या तशी त्या ढिगांभोवती इतकी दाट रोपं उगवली की माती दिसेना. आईच्या हाताला कोपरापर्यंत पुरळ उठलं, महिनाभर खाज गेली नाही. चारा नव्हता तेव्हा गाईनं थोडं खाल्लं, तर दूध कडू लागलं.

यंदा वळवानंतर, रोपं जमिनीला चिकटून असतानाच, ओल्या मातीत मुळासकट काढायची असं ठरलंय. हातमोजे आणलेत. पण नऊ एकर हातानं होणार नाही, म्हणून विचारतो.

मेक्सिकन भुंगे कुणी सोडलेत का? पांढुरक्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेले, गाजर गवताची पानं खाणारे. पावसाळ्यातच ते काम करतात, हे माहीत आहे. आमच्याकडे पाऊस तुटक पडतो. अशा ठिकाणी ते टिकले का, आणि आणले कुठून?

दुसरं, तरोट्याचं (पावसाळ्यात उगवणारं रानझुडूप) बी टाका असं बरेच जण सांगतात. तरोटा गाजर गवताला दाबतो हे खरं, पण जनावरं त्यालाही तोंड लावत नाहीत. मग गायरानात त्याचा काय उपयोग? पडीक जागेला ठीक आहे. मला तिथं गवतच हवंय. तीन एकर दोन पावसाळे चराईबंद ठेवून पवना-मारवेलचं बी फेकायचा विचार आहे. बी शेणमातीत कालवून टाकावं की नुसतं, आणि पहिल्या पावसाआधी की नंतर?

तणनाशक सुचवू नका, ही विनंती. गायरानाच्या उतारालाच पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, आणि मेंढरं बंदी पाळत नाहीत.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी फसलेलंही लिहा. रोहिणी लागायच्या आत ग्रामसभेत मांडायचंय.