मदत हवी आहे: जुन्या कॉम्प्युटरवर मोबाईलचे व्हिडिओ अटकतात, आवाज पुढे अन् चित्र मागे

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिलो पण पूर्ण वाचून सांगा जी.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यातलं. गावच्या वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर आहे, कोर टू ड्युओ ई ७५०० प्रोसेसर, २ जीबी रॅम, जी ४१ चा बोर्ड, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, विंडोज ७ ३२ बिट. टायपिंग, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, या कामाले तो अजूनही चांगला चालते. अडचण फक्त व्हिडिओची आहे.

आमच्या भजन मंडळातले एक आजोबा खंजेरी वाजवत, आता बोटं साथ देत नाहीत. हात चालत होता तोवर पोरांनी मोबाईलवर त्यांचं बरंच शूटिंग करून ठेवलं आणि आता गावातली लहान पोरं तेच पाहून शिकतात. खंजेरी नुसती ऐकून अर्धीच येते, कोणतं बोट कडेला पडलं, कोणतं मधात, चामडं दाबलं का सोडलं हे डोळ्यानं दिसाच लागते. आणि नेमकं तिथंच बिघडून राहिलं. थाप ऐकू येते तेव्हा स्क्रीनवर हात वरच असतो, मग चित्र थांबते, चौकडे चौकडे होतात, आणि एकदम पळत सुटते. पोरं म्हणतात काका बोट दिसलंच नाही. मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर दहा-बारा पोरं कशी पाहतील, म्हणून हा मॉनिटर पाहिजे.

काय काय करून पाहिलं ते सांगतो. व्हीएलसी टाकलं, दुसरे प्लेअर टाकले, कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडायचे सॉफ्टवेअर) टाकला, फाईल पेनड्राईव्हवरून न चालवता हार्डडिस्कवर कॉपी करून चालवली, फरक नाही. कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ काढली, त्यानं पंख्याचा आवाज कमी झाला पण व्हिडिओ तसाच. टास्क मॅनेजर पाहिला तर व्हिडिओ लावला की सीपीयू सरळ १०० टक्के. गंमत म्हणजे जुन्या लग्नाच्या डीव्हीडी मस्त चालतात, आणि तेच खंजेरीचं शूटिंग व्हॉट्सॲपवरून आलेलं असलं तर तेही चालते, फक्त धुरकट दिसते, बोटं ओळखू येत नाहीत. म्हणजे मशीन पूर्ण गेली असं तर नाही ना?

दुसरं, हा कॉम्प्युटर मंदिरातल्या अम्प्लिफायरले जोडला की स्पीकरमधून सारखा घूंऽऽ असा आवाज येते, काही न लावताही येते. मोबाईल त्याच वायरनं जोडला तर काहीच नाही.

तिसरं, लाईट गेली की तारीख मागे जाते आणि मग यूट्यूबच उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणते.

शहरातल्या एका दुकानात दाखवलं, ते म्हणाले भंगारात द्या, नवीन घ्या. तेवढा पैसा वाचनालयाकडे नाही, आणि दिवाळीच्या आधी तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी येते तेव्हा हे सगळ्या गावाले दाखवायचं आहे. काहून असं होऊन राहिलं आणि काय करावं, कोणी जाणकारानं सांगावं.

प्रतिसाद:

भाऊ, मशीन फेकू नका, तुमचं अर्धं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना दाबून एच.२६४ (व्हिडिओ साठवायची जुनी, हलकी पद्धत) मध्ये लहान करते, म्हणून तो चालते. मूळ शूटिंग बहुतेक एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी या नव्या, उलगडायला जड पद्धतीत आहे. व्हीएलसी मध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल जे दाबा, कोडेकच्या ओळीत काय लिहिलं ते पहा. हे एच.२६५ आलं २०१३ साली, तुमचं प्रोसेसर २००९ चं, त्याच्यात आणि बोर्डावरच्या ग्राफिकमध्ये ते उलगडायची सोय नाहीच, सगळा भार सीपीयूवर पडते. कोडेक पॅकनं फाईल उघडते, ताकद वाढत नाही. आवाज हलका असते म्हणून तो वेळेवर निघून जाते आणि चित्र मागे राहते. व्हीएलसीत जे आणि के या बटणांनी आवाज मागेपुढे सरकवता येते पण ते फरक एकसारखा असला तरच, तुमच्याकडे तो वाढत जाते म्हणून तिथं वेळ घालवू नका.

फायली बदलून घ्या. पण या मशीनवर नको, रात्र जाईल. गावात कोणाकडे नवा लॅपटॉप असेल त्याच्यावर हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, त्यात फास्ट ७२०पी ३० निवडा आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कॉन्स्टंट म्हणजे एकसारखा ठेवा, मोबाईलचं शूटिंग कमीजास्त फ्रेमरेटचं असते त्यानंही आवाज सुटते. मूळ फायली मात्र डिलीट करू नका, त्या आजोबांचा हात परत शूट होणार नाही. आणि पुढच्या शूटिंगसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हाय एफिशियन्सी (म्हणजे हेच एच.२६५) बंद करा.

तारखेचं म्हणाल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला, नवा टाका. तारीख चुकली की ब्राउझरले साईटचं सर्टिफिकेट खोटं वाटते. घूं आवाज अर्थिंगचा. कॉम्प्युटर आणि अम्प्लिफायरची लाईट एकाच स्विचबोर्डावरून घ्या, तरी राहिला तर आवाजाच्या वायरच्या मधात ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगची घूं अडवणारी छोटी डबी) लावा. पण तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू नका, काही लोकं हाच उपाय सांगतात आणि त्यानं करंट बसू शकते.

धागाकर्ता:

हाव भाऊ, कंट्रोल जे केलं तर खरंच एचईव्हीसी लिहून आलं. शेजारच्या पोरीच्या लॅपटॉपवर एक फाईल बदलून आणली, आत्ताच लावून पाहिली. थाप आणि बोट सोबत पडून राहिलं, सीपीयू अर्ध्याच्याही खाली. पोरांनी तीच फाईल परत परत लावायला लावली. सेल टाकला, तारीख आता टिकून राहते. घूं एकाच बोर्डावर घेतल्यानं बराच कमी झाला पण पूर्ण गेला नाही, आयसोलेटर अमरावतीवरून मागवतो, त्याच्यात ३.५ एमएमचा (हेडफोनसारख्या पिनचा) घ्यावा की आरसीए पिनचा (लाल-पांढऱ्या गोल पिनांचा)? आमच्या अम्प्लिफायरले मागून आरसीए आहे.

आणखी एक. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही असं दिसते. यूट्यूबसाठी यातच राहावं का हलकं लिनक्स टाकावं? मराठी टायपिंग तिथंही पाहिजे, इथले सगळे इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीवर टाईप करतात.