मदत हवी आहे : व्हॅनगार्डसाठी सिक्युअर बूट सुरू करायचे आहे

नमस्कार. माझा मुलगा व्हॅलोरंट हा ऑनलाइन खेळ खेळतो. या खेळाची व्हॅनगार्ड ही फसवणूक रोखणारी यंत्रणा संगणक सुरू होतानाच विंडोजच्या गाभ्यात चालू होते, कारण भिंतीआडचा खेळाडू दाखवणारी किंवा आपोआप नेम धरणारी चीट तिच्याआधी सुरू झाली, तर ती सहज लपून राहू शकते. हे मला पूर्णपणे पटते. विंडोज ११ वर मात्र तिला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय) दोन्ही लागतात. आमच्या डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि तिच्यावरून सिक्युअर बूटसह विंडोज सुरू होत नाही, त्यामुळे आधी ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागेल, आणि तिच्यावरच माझ्या वडिलांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे आहेत. विंडोजमधील ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन कुणी स्वतः वापरले आहे का? बॅकअप घेतल्यावर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने संगणक सुरू करू देणारी सोय, नेमके कोणत्या टप्प्यावर बंद करावे, हे कृपया सांगावे.